बाळाशी बोलताना

खडकवासल्याच्या धरणावरून सायंकाळचा गार वारा सुटला आहे. गावातील एका घराच्या ओसरीवर आजी पाच महिन्यांच्या नातवाला मांडीवर घेऊन बसली आहे. "कुठं गेलं होतं माझं शोनं? भुर्र गेलं होतं? काऊ पाहिला?" असे ती त्याला विचारते. उत्तर देण्याइतकी बाळाची जीभ अजून वळत नाही, हे तिला ठाऊक आहे. तरीही प्रत्येक प्रश्नानंतर ती क्षणभर थांबते. बाळ "अंगूऽ" असा हुंकार देते, तेव्हा "हो का? अस्सं का?" म्हणून ती त्या हुंकाराला उत्तराचा मान देते. सहावीत शिकणारा थोरला नातू पुस्तकातून मान वर करून म्हणतो, "आजी, तू अशी बोबडी बोललीस, तर बाळही जन्मभर बोबडंच बोलेल!"

ही शंका पुष्कळ शहाण्यासुरत्या माणसांनाही येते. काही घरांत बाळाशी लाडिक बोलण्यास मनाई असते, काही घरांत तर "त्याला काय कळतंय?" असे म्हणून त्याच्याशी फारसे कोणी बोलतच नाही. म्हणून आजीच्या या बोलण्यात आहे तरी काय, हे नीट पाहिले पाहिजे.

ते पाहण्याचे काम एका मराठी विद्वानाने फार पूर्वी केले आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकवणारे डॉ. अशोक केळकर यांनी मराठी घरांतील या लाडक्या बोलीवर 1964 साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने सहा भाषांतील अशा बोलींची तुलना केली. अरबी, इंग्रजी, स्पॅनिश यांच्या पंक्तीला त्यात मराठीही होती. ज्या बोलण्याला घरातील मंडळी हसतात, ते अभ्यासाचा विषय होऊ शकते, ही गोष्ट त्या काळी नवलाचीच होती.

मंमं, दुदू, काऊ, माऊ, हम्मा, बाऊ हे शब्द पाहा. ते लहान आहेत. अनेकांत एकच अक्षर दोनदा येते. म, ब, प ही अक्षरे ओठांनी उच्चारली जातात आणि बाळाला ती बोलणाऱ्याच्या तोंडावर दिसतातही. 'र'चा 'ल' होतो, 'सोनं'चे 'शोनं' होते. शिवाय 'मी' आणि 'तू' हे शब्द आजी टाळते. "आजी देते हं बाळाला," असे ती म्हणते. कारण बोलणारा बदलला की 'मी'चा धनी बदलतो, 'आजी' मात्र आजीच राहते. मराठीतील नपुंसकलिंग तर जणू याच कामासाठी राखून ठेवले असावे: मुलगा असो वा मुलगी, लाडात आले की ते 'पिल्लू' होते!

परंतु शब्दांहूनही महत्त्वाचा आहे तो सूर. बाळाशी बोलताना आवाज उंच होतो, चढउतार वाढतात, बोलणे संथ होते. असे बोलणे बाळांना अधिक आवडते, हे अमेरिकेतील ॲन फर्नाल्ड यांनी 1985 साली दाखवले. अनोळखी स्त्रियांचे आवाज ऐकवले असता चार महिन्यांची बाळे साध्या बोलण्यापेक्षा लाडिक बोलण्याच्या बाजूला अधिक वेळा मान वळवत. पुढे 1997 साली पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका, रशिया व स्वीडन येथील मातांचे बोलणे तपासले. आ, ई, ऊ हे स्वर त्या बाळापुढे अधिक ठसठशीत उच्चारत होत्या. म्हणजे बोबडे भासणारे हे बोलणे स्वरांच्या बाबतीत मोठ्यांच्या आपसातील बोलण्याहूनही स्पष्ट असते. गंमत अशी की, माणसे कुत्र्या-मांजरांशीही लाडिक सुरात बोलतात; पण त्यांच्यासाठी स्वर असे ताणीत नाहीत, हे 2002 साली ऑस्ट्रेलियात आढळून आले.

मग हे बोलणे भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून ऐकवले तर चालेल काय? याचेही उत्तर कूल यांच्याच 2003 सालच्या प्रयोगात आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांपैकी काहींशी चिनी भाषा बोलणारी माणसे प्रत्यक्ष खेळली. काहींना तीच माणसे पडद्यावर दाखवली. पहिल्या बाळांना चिनी ध्वनींतील भेद ओळखू येऊ लागले. दुसऱ्यांना काहीच लाभ झाला नाही. पडदा बाळाच्या हुंकारासाठी थांबत नाही, आजी थांबते.

मात्र लाडिक बोलीवाचून भाषा येतच नाही, असे म्हणता येणार नाही. पापुआ न्यू गिनीतील कालुली लोक तान्ह्या मुलाशी अशा बोलीत बोलत नाहीत. तरी माणसांच्या गराड्यात वाढणारी त्यांची मुले उत्तम बोलू लागतात. तसेच बहिऱ्या माता आपल्या बाळांशी खुणांच्या भाषेत बोलताना हातांच्या खुणा मोठ्या व संथ करतात. तेथे आवाज नसतो. पण बाळाला आपल्याकडे वळवून घेणे तेच असते. हाकेला किंवा मोठ्या आवाजालाही जे बाळ दाद देत नाही, त्याला लवकर वैद्यांना दाखवले पाहिजे. कारण पहिले महिने भाषेविना गेले, तर पुढे ती तूट भरून काढणे अवघड जाते.

आता थोरल्या नातवाची शंका. बाळाची समज वाढत जाते, तसतशी मोठ्यांची बोलीही नकळत बदलते. 'दुदू'चे दूध होते, 'हम्मा'ची गाय होते. हे कोणी ठरवून करीत नाही.

वर्षभराने तेच बाळ आजीच्या कडेवर बसून धरणाच्या पाण्याकडे पाहत असते. काठावर एक बगळा उभा आहे. बाळ बोट दाखवून म्हणते, "काऊ!" थोरला नातू हसतो; पण आजी हसत नाही. "काऊ नाही रे राजा, बगळा तो. पांढरा पांढरा बगळा. बघ, मासा धरायला उभा राहिलाय!" एवढे बोलून ती थांबते. बाळ तिच्या ओठांकडे पाहत राहते आणि मग म्हणते, "बगा."