विश्लेषण : शाळेतला नाटकाचा तास गॅदरिंगच्या तालमीपेक्षा वेगळा कसा?

डिसेंबर आला की शाळांमध्ये स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होतात. पाठांतर चांगले असलेली पाच-सहा मुले नाटकात घेतली जातात, काही मागे झाडे नाहीतर सैनिक म्हणून उभी राहतात आणि बाकीचा वर्ग प्रेक्षकांत बसतो. बहुतेक शाळांत नाट्यशिक्षण इथेच संपते. आता मात्र अभ्यासक्रमाने नाट्य हा विषय सगळ्या वर्गासाठी आणला आहे. सहावी ते दहावीच्या मुलांना नाटक शिकवायचे म्हणजे नेमके काय करायचे?

अभ्यासक्रम काय सांगतो?
राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) ‘अभ्यासाचे विषय’ आणि ‘अभ्यासेतर उपक्रम’ यांच्यातील भिंत नाकारली. त्यावर आधारित राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात (२०२३) कलाशिक्षणाला स्वतंत्र स्थान मिळाले. पाठोपाठ २०२४ मध्ये एनसीईआरटीने सहावीसाठी ‘कृती’ हे कलेचे पाठ्यपुस्तक आणले. त्यात दृश्यकला, संगीत आणि नृत्याबरोबर नाट्याचाही विभाग आहे. म्हणजे नाटक ही निवडक मुलांची हौस न राहता प्रत्येकाच्या वेळापत्रकातली गोष्ट ठरली.

बालनाट्याची परंपरा असताना वेगळे काय हवे?
महाराष्ट्रात ही परंपरा मोठी आहे. सुधा करमरकर यांच्या ‘लिटल थिएटर’ने १९५९ मध्ये रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ आणले. ऐंशीच्या दशकात डॉ. मोहन आगाशे यांनी जर्मनीतील ‘ग्रिप्स’ची पद्धत पुण्यात रुजवली. त्यात मोठी माणसे लहान मुलांच्या भूमिका करतात आणि मुलांचे रोजचे प्रश्न मांडतात. पण हे प्रामुख्याने मुलांनी पाहायचे नाटक. शाळेतल्या तासाचा हेतू वेगळा आहे : मुलांनी नाटक करता करता शिकायचे. ब्रिटनमध्ये १९६५ साली कोव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरने ‘शिक्षणात नाट्य’ ही चळवळ सुरू केली. आपल्याकडे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र पथक उभारले. तेच आज ‘संस्कार रंग टोली’ म्हणून ओळखले जाते.

याच वयात अडचण का येते?
दुसरीतले मूल ‘वाघ हो’ म्हटले की वाघ होते. सातवीतले मूल आधी आजूबाजूला पाहते. आवाज फुटत असतो, उंची अचानक वाढलेली असते, मुले-मुली एकमेकांसमोर अवघडतात. अशा वेळी ‘कोण करून दाखवतो?’ असे विचारले की ठरलेले तीन हात वर होतात आणि बाकीचे कायमचे खाली राहतात. म्हणून सुरुवात प्रेक्षकांविना करावी लागते. सगळ्या वर्गाने एकाच वेळी, जोडीजोडीने खेळायचे. कोणीच बघत नसले की लाज निम्मी होते.

प्रत्यक्ष तास कसा घेता येतो?
शिकागोत स्थलांतरितांच्या मुलांबरोबर काम करताना व्हायोला स्पोलिन यांनी नाट्यखेळ विकसित केले. त्यांचे पुस्तक १९६३ मध्ये आले. त्यातला ‘आरसा’ आजही जगभर वापरला जातो : एकाने हळू हालचाल करायची, समोरच्याने तिचे प्रतिबिंब व्हायचे. पन्नास मुलांच्या वर्गात, बाकांच्या मधल्या जागेतही हा खेळ जमतो. पुढचा टप्पा स्थिरचित्रांचा. ‘एसटी स्टँडवर शेवटची गाडी चुकली’ हा प्रसंग पाच जणांनी न बोलता, न हलता उभा करायचा. नंतर एकेकाच्या खांद्याला हात लावला की त्याने त्या पात्राच्या मनातले एक वाक्य बोलायचे. संवाद इथून जन्मतात, पाठ करावे लागत नाहीत.

आठवी-नववीत शिक्षकालाच भूमिकेत शिरता येते. ब्रिटिश शिक्षिका डोरोथी हीथकोट यांनी ही पद्धत रूढ केली. समजा, नागरिकशास्त्राच्या तासाला वर्ग ग्रामसभा झाला आणि सर ‘तलाव बुजवून मंगल कार्यालय बांधू’ म्हणणारे सरपंच झाले. एरवी उत्तर न देणारी मुलगीही उठून प्रश्न विचारते, कारण आता ती सरांशी बोलत नसते, सरपंचाशी बोलत असते.

धोका कुठे आहे?
भूमिका वाटण्यात. जाड मुलाला विनोदी पात्र, सावळ्या मुलीला मोलकरीण, गावाकडचे बोलणाऱ्याला गडी आणि ‘शुद्ध’ बोलणाऱ्याला नायक, ही वाटणी शाळेच्या रंगमंचावर सहज होते. ती मुले विसरत नाहीत. नाटकाच्या तासाला डॉक्टर, न्यायाधीश, राणी यांनीही आगरी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलावे. घरची बोली चेष्टेचा विषय ठरली, तर मूल गप्प होते आणि तासाचा हेतूच हरतो. दुसरी काळजी म्हणजे घरातले भांडण किंवा मार असे खासगी अनुभव जबरदस्तीने सादर करायला लावू नयेत. काल्पनिक पात्राचा आडोसा हवा आणि शेवटी भूमिका ‘उतरवून’ दोन मिनिटे बोलायला वेळही हवा.

शिक्षक कुठून आणायचे, गुण कसे द्यायचे?
प्रत्येक शाळेला नाट्यशिक्षक मिळणे आज अवघड आहे. भाषा आणि इतिहासाचे शिक्षक थोड्या प्रशिक्षणाने हे खेळ घेऊ शकतात, स्थानिक रंगकर्मी त्यांना मदत करू शकतात. मात्र चित्रकलेचा तास गणिताला देण्याची सवय नाटकाच्या तासालाही लागली, तर अभ्यासक्रम कागदावरच राहील. मूल्यमापनात ‘अभिनय किती छान’ याला गुण दिले, तर पुन्हा तीच पाच-सहा मुले पुढे येतील. समोरच्याचे ऐकले का, गटाला साथ दिली का, पहिल्या तासापेक्षा किती मोकळे झाले, याची नोंद जास्त उपयोगाची.

पालक काय पाहू शकतात?
‘संमेलनात आमच्या मुलाला काम का नाही?’ हा प्रश्न नेहमीचा. त्याऐवजी ‘आठवड्यात नाटकाचा तास होतो का आणि त्यात सगळी मुले उभी राहतात का?’ असे विचारता येईल. वर्षानुवर्षे झाड झालेल्या मुलाला एक वाक्य मिळाले की नाही, हे त्या उत्तरातून कळते.