जाताना आणि येताना वेगळा वेळ का?

न्यूयॉर्क ते लंडन हे हवाई अंतर (पृथ्वीच्या गोलावरून मोजलेली सर्वांत जवळची वाट) सुमारे ५,५५० किलोमीटर आहे. लंडनला पोहोचायला विमानाला साधारण साडेसहा ते सात तास लागतात, परतताना तासभर जास्त.

हा फरक पृथ्वी फिरते म्हणून पडतो, असा समज बराच रूढ आहे. पण पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते. धावत्या रेल्वेच्या डब्यात पुढे चाला किंवा मागे, डबा ओलांडायला सारखाच वेळ लागतो, तसेच हे. शिवाय पृथ्वी पूर्वेकडे फिरते. केवळ तिच्या फिरण्याने फरक पडला असता, तर उलट पश्चिमेकडे जाणारे विमान लवकर पोहोचायला हवे होते.

खरे कारण जेट प्रवाह (नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा). तो पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला पाठीमागून रेटतो, पश्चिमेकडे जाणाऱ्याला अडवतो. हिवाळ्यात तो अधिक जोरकस असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘सिआरा’ वादळाच्या काळात ब्रिटिश एअरवेजचे विमान न्यूयॉर्कहून पाच तासांच्या आत लंडनला उतरले होते! म्हणूनच विमानांचे मार्ग रोज वारा पाहून आखले जातात, आणि नकाशावर लांबची दिसणारी वाट कित्येकदा लवकर पोहोचवते.