मागून मिळवलेली परंपरा

सॅक्सोफोन म्हटलं की आपल्याकडे आधी आठवतं ते ‘आराधना’तलं ‘रूप तेरा मस्ताना’ आणि त्यातला मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन. तेच वाद्य पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मैफलीत पियानोशेजारी उभं राहतं, तेव्हा कार्यक्रमपत्रिका हातात घेणारा श्रोता थोडा गोंधळतो. बाख नाही, मोझार्ट नाही, बीथोव्हेन नाही. सगळी नावं विसाव्या शतकातली आणि त्यानंतरची. ओळखीचं एखादं तरी ठेवायचं, असं वाटतं. पण ठेवणार कुठून? बीथोव्हेनचं निधन १८२७ मध्ये झालं आणि अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन वाद्यकाराला सॅक्सोफोनचं पेटंट मिळालं १८४६ मध्ये, पॅरिसला.

म्हणजे या वाद्याच्या बाबतीत समकालीन संगीत हा मैफलीच्या शेवटी भीतभीत वाजवायचा भाग नव्हे. तेच त्याचं मुख्य संचित आहे.

ते जमायलाही वेळ लागला. धड पितळेचं, पण फुंक जाते क्लॅरिनेटसारख्या वेताच्या एका पट्टीतून. अशा या वाद्याला लष्करी बँडने लगेच आपलंसं केलं, वाद्यवृंदाने मात्र दारातच ताटकळत ठेवलं. पॅरिसच्या काँझर्व्हेटोअर या संगीतसंस्थेत स्वतः सॅक्स १८५७ पासून शिकवत होता. १८७० मध्ये तो वर्ग बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला १९४२ मध्ये, मार्सेल म्यूल यांच्या हाताखाली. मधली ७२ वर्षं त्या संस्थेत या वाद्याला गुरूच नव्हता. एखाद्या घराण्याची एक पिढी तुटली तर किती बंदिशी हरवतात, हे आपण जाणतो. इथे तर घराणंच अजून उभं राहायचं होतं.

ते उभं केलं वादकांनी, संगीतकारांच्या मागे लागून. बॉस्टनच्या एलिस हॉल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच देब्युसीकडे सॅक्सोफोनसाठी रचना मागितली. त्याने ती वर्षानुवर्षं रेंगाळत ठेवली. अखेर त्याच्या मृत्यूनंतर, १९१९ मध्ये, दुसऱ्याने वाद्यवृंदासाठी पूर्ण केलेल्या रूपात ती पहिल्यांदा वाजली. पुढे सिगर्ड राशरने ग्लाझुनोवकडून १९३४ मध्ये कॉन्चेर्टो मिळवला. आणि फ्रान्सच्या जाँ-मारी लाँदेक्स यांना तर शंभराहून अधिक रचना अर्पण झाल्या आहेत.

त्यांतलीच एक रचना सॅक्सोफोन-पियानोच्या मैफलींत वारंवार भेटते, आणि मला ती या साऱ्या साहित्याचा उंबरठा वाटते: एडिसन डेनिसोव्हचा १९७० चा सोनाटा. डेनिसोव्ह सायबेरियातल्या तोम्स्कचा. वडील रेडिओ-भौतिकीतले, म्हणून मुलाचं नाव एडिसन. तो गणित शिकला. संगीताकडे वळावं की नाही, या संभ्रमात असताना त्याला धीर दिला संगीतकार शोस्ताकोविचने. बाराही स्वरांना समान मान देणारं त्याचं संगीत सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत खुपत राहिलं. १९७९ च्या संगीतकार संघाच्या अधिवेशनात ज्या सात जणांवर जाहीर ठपका ठेवला गेला, त्यांत तोही होता.

सोनाटाचे तीन भाग आहेत. पहिल्यात दोन्ही वाद्यं एकमेकांचं वाक्य तोडत, तुटक लयीत धावतात. इथे ठेका शोधायला गेलात तर दमाल. सवाल-जवाब ऐकावा तसं ऐका. दुसऱ्या भागात सॅक्सोफोन बहुतांश एकटाच असतो, आणि त्यामागे मला एक कारण दिसतं. डेनिसोव्ह इथे पाव स्वर वापरतो, म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांच्या मधली जागा. पियानोला ती जागाच नाही. तिथे पट्टी काळी असते किंवा पांढरी. हार्मोनियमवर श्रुती का सापडत नाही, हा वाद ऐकत वाढलेल्या मराठी कानाला ही अडचण समजावून सांगावी लागू नये.

याच भागात सॅक्सोफोनमधून एका वेळी दोन-तीन स्वर निघतात. भोकं नेहमीच्या क्रमाने न झाकता काही मधलीच उघडी ठेवली आणि ओठांचा दाब बदलला की नळीतली हवा एकसंध थरथरत नाही, तिची कंपनं फुटतात. ऐकताना तो खरखरीत, फाटलेला आवाज वाटतो. पहिल्यांदा ऐकणारा वादक चुकला असं समजतो. पण ती बोटं कागदावर लिहिलेली असतात, आणि तो आवाज अगदी हळू काढायला विलक्षण ताबा लागतो. तिसऱ्या भागात पियानोचा डावा हात जाझच्या चालीने चालू लागतो आणि वाद्याला त्याचं रस्त्यावरचं आयुष्य आठवतं. स्टालिनच्या अखेरच्या वर्षांत जाझ आणि सॅक्सोफोन दोन्ही संशयित ठरलेल्या देशात हे लिहिलं गेलं, हे विसरून तो भाग मला ऐकताच येत नाही.

सगळंच समकालीन संगीत असं टोकदार नसतं. जपानच्या ताकाशी योशिमात्सूचा १९९१ चा ‘फझी बर्ड सोनाटा’ पहिल्याच ऐकण्यात मन जिंकतो. त्यात धावणारा, गाणारा, उडणारा पक्षी आहे. नवख्याने तिथून सुरुवात करायला काहीच हरकत नाही.

मुळात सॅक्सोफोन-पियानो ही जोडीच विजोड आहे. पियानोचा स्वर आघात होताच विरू लागतो. सॅक्सोफोनचा स्वर जन्मल्यावर वाढू शकतो, फुगू शकतो. चांगला पियानोवादक म्हणूनच साथ करत नाही, जागा मोकळी करतो. काही रचनांत तर तो एकही पट्टी वाजवत नाही, नुसता पायाने पेडल दाबून धरतो. सॅक्सोफोनवादक उघड्या पियानोत तोंड घालून एक स्वर फुंकतो आणि थांबतो. आत त्या स्वराच्या नात्यातल्या तारा, सतारीच्या तरफांसारख्या, आपसूक बोलत राहतात.