किंग्जली यांची खाजगी कबुली

इ. स. १८५७ च्या मे महिन्याच्या १४ तारखेस सुप्रसिद्ध इंग्रज कादंबरीकार चार्ल्स किंग्जली यांनी मिसेस गॅस्केल या कादंबरीकर्त्रीस एक खाजगी पत्र लिहिले. बाईंनी रचिलेले शार्लट ब्राँटे हिचे चरित्र त्याच वर्षी मार्चमध्ये प्रसिद्ध झाले होते. ते वाचून किंग्जली यांस आपल्या जुन्या पूर्वग्रहाची लाज वाटली. शार्लटच्या ‘शर्ली’ या कादंबरीचा आरंभ वाचताच त्यांस वीट आला होता, व लेखिकेस ग्राम्यतेची आवड आहे असे ठरवून त्यांनी तिचा नाद सोडला होता. (त्या आरंभी तीन तरुण उपधर्मगुरूंची यथेच्छ थट्टा आहे, किंग्जली स्वतः धर्मोपदेशक होते, हे येथे ध्यानात ठेवावयास हरकत नाही.) आपण हा ग्रह कधी छापला नाही याचे ते समाधान मानतात, आणि यापुढे तिचा शब्दन् शब्द आदराने वाचू, विशेषतः कविता वाचू, असे आश्वासन देतात. १८४६ साली निघालेल्या तिघी भगिनींच्या त्या कवितासंग्रहाच्या पहिल्या वर्षात अवघ्या दोन प्रती खपल्या होत्या!

हा पालट कशाने झाला? शार्लटची आई बालपणीच गेली. पुढे सप्टेंबर १८४८ ते मे १८४९ एवढ्या अवधीत भाऊ व दोघी बहिणी गेल्या, आणि वृद्ध पित्याची सेवा तिच्याकडे आली. घरातील टॅबी ही म्हातारी दासी बटाटे सोली, परंतु दृष्टी मंद झाल्यामुळे त्यांतील डोळे तसेच राहत. तिचे मन दुखवू नये म्हणून शार्लट ऐन रंगात आलेले लेखन टाकून उठे, भांडे हळूच उचलून नेई, डोळे काढी आणि भांडे चोरपावलांनी जागच्या जागी ठेवी. अशा प्रसंगांनी किंग्जली विरघळले. आम्हांसही हा प्रसंग प्रिय आहे. तथापि कादंबरी निर्दोष ठरण्यास लेखिकेला स्वयंपाकघराचा दाखला आणावा लागावा, याचा विषाद वाटल्यावाचून राहत नाही. खुद्द किंग्जली यांस त्यांच्या ‘वेस्टवर्ड हो!’साठी असा दाखला कोणी मागितला नव्हता.

शिवाय तो दाखला पुरता खरा नव्हता. ब्रुसेल्स येथील आपल्या विवाहित शिक्षकास शार्लटने लिहिलेली व्याकुळ पत्रे गॅस्केलबाईंस ठाऊक होती. चरित्रात त्यांनी तो विषय झाकून नेला. ती पत्रे १९१३ साली ‘टाइम्स’ पत्रात समग्र छापली गेली. किंग्जली यांच्या वाचनात ती आली असती, तर त्यांचा आदर टिकला असता काय? आम्हांस शंका आहे. बाईंस मात्र दुसऱ्याच मजकुरासाठी शासन झाले. ब्रॅनवेल या भावाच्या नाशास कारण झाली म्हणून एका विवाहित स्त्रीवर त्यांनी ठपका ठेविला होता. तिच्या वकिलांनी अब्रूनुकसानीचा धाक घालताच, किंग्जली यांच्या पत्रानंतर सोळाच दिवसांनी, ३० मे रोजी ‘टाइम्स’मध्ये ती विधाने मागे घेण्यात आली व विक्रीही थांबवावी लागली.

किंग्जली १८७५ साली वारले. दोन वर्षांनी त्यांच्या पत्नीने त्यांची पत्रे व आठवणी प्रसिद्ध केल्या, आणि जे मत छापले नाही म्हणून त्यांनी समाधान मानिले होते, ते त्या पत्रासह छापून निघाले.