प्रवेश एकदा, नोंदणी दर सत्राला

आजचा विषय ऐकून कुणी म्हणेल, यावर व्याख्यान कसलं द्यायचं? पोर्टल उघडायचं, चार खुणा करायच्या, झालं. पण या चार खुणांमध्ये तुमची तीन वर्षं असतात, म्हणून थोडं सावकाश बघू या.

आधी एक फरक लक्षात घ्या. प्रवेश हा महाविद्यालयात मिळतो, नोंदणी ही अभ्यासक्रमांसाठी करावी लागते. जुन्या वार्षिक पद्धतीत प्रवेशाच्या अर्जावरच विषय लिहिले की वर्षभराची चिंता मिटायची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये आलं आणि महाराष्ट्रात ते स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून, संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झालं. आता दर सत्राला नोंदणी करावी लागते.

नोंदणीचं माप आहे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक. लेखी विषयाचा 1 क्रेडिट म्हणजे सत्रात वर्गातले 15 तास, प्रात्यक्षिकाचा 1 क्रेडिट म्हणजे 30 तास. साधारणपणे एका सत्रात 20 ते 22 क्रेडिट घ्यायचे. तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 लागतात, चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला 160 ते 176.

हे क्रेडिट वेगवेगळ्या गटांतून गोळा करायचे असतात. मुलं त्यांना 'बास्केट' म्हणतात. मेजर हा मुख्य विषय. मायनर हा त्याला जोड देणारा. ओपन इलेक्टिव्ह आपल्या विद्याशाखेबाहेरचा घ्यायचा, म्हणजे कॉमर्सच्या मुलीला तर्कशास्त्र घेता येईल, बीएच्या मुलाला संख्याशास्त्राची ओळख. शिवाय कौशल्याचे, भाषेचे, मूल्यशिक्षणाचे, भारतीय ज्ञानप्रणालीचे अभ्यासक्रम, आणि पुढे इंटर्नशिप किंवा क्षेत्रीय प्रकल्प. मेजर नेमका कधी पक्का करायचा, हे विद्यापीठागणिक थोडं वेगळं आहे, तेव्हा आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक वाचा. मित्राच्या विद्यापीठाचं वाचून उपयोग नाही.

आता प्रत्यक्ष काय होतं? महाविद्यालय यादी लावतं, तुम्ही पसंतीक्रम भरता. तुकडीची क्षमता ठरलेली असते. कुठे गुणांवर जागा देतात, कुठे आधी येईल त्याला. दोन विषयांचे तास एकाच वेळी आले तर एक सोडावा लागतो. पुरेशी मुलं आली नाहीत, तर तो अभ्यासक्रम त्या सत्रात सुरूच होत नाही. म्हणून दुसरी आणि तिसरी पसंतीसुद्धा विचारानं भरा, बऱ्याचदा तीच पदरात पडते. विषय बदलायला थोड्या दिवसांची मुदत असते, ती गेली की परीक्षेच्या अर्जात तोच विषय येतो.

दुसरी गोष्ट एबीसी आयडीची. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स ही 2021 पासूनची व्यवस्था. डिजिलॉकरवरून 12 अंकी क्रमांक मिळतो आणि मिळवलेले क्रेडिट त्या खात्यात जमा होतात. घरच्या अडचणीनं शिक्षण मध्येच थांबलं, तरी ते साधारण 7 वर्षांपर्यंत वापरता येतात. आधारवरचं नाव आणि महाविद्यालयातलं नाव जुळत नसेल तर जमा अडकते. ते पहिल्याच सत्रात दुरुस्त करून घ्या.

आता माझ्या विषयाकडे येतो. आपण या विषयांना 'ऐच्छिक' म्हणतो. अ‍ॅरिस्टॉटलनं 'निकोमेकियन एथिक्स'च्या तिसऱ्या भागात एक भेद केला आहे. प्रत्येक निवड ऐच्छिक असते, पण प्रत्येक ऐच्छिक कृती ही निवड नसते. लहान मूलही स्वतःच्या इच्छेनं वागतं, पण निवडीला आधी विचारविनिमय लागतो. मैत्रिणीनं घेतला म्हणून, पेपर सोपा जातो म्हणून घेतलेला विषय ऐच्छिक आहे हो, पण तो निवडलेला नाही. 2 क्रेडिटचा विषय म्हणजे तुमच्या आयुष्यातले 30 तास. ते कुणाला देताय, एवढं तरी विचारा.

विचारविनिमय म्हणजे काही मोठी साधना नाही. अभ्यासक्रमाची दोन पानं वाचा. मूल्यमापन कसं होणार ते बघा. शिकवणाऱ्याला भेटून विचारा, 'सर, हा विषय घेतला तर मला काय करता येईल?' संकोच करू नका.

आणि ही खूण फक्त तुमच्यापुरती नसते. शिक्षकांची पदं कार्यभारावर ठरतात, आणि कार्यभार मुलांच्या संख्येवर. तत्त्वज्ञान, पाली, अर्धमागधी यांसारखे विषय महाविद्यालयात राहणार की जाणार, हे बऱ्याच अंशी नोंदणीच्या त्या आठवड्यात ठरतं. दयेपोटी कुणी तत्त्वज्ञान घ्यावं असं मी म्हणणार नाही. पण यादी खालपर्यंत वाचून, हवं असेल तर घ्या. न वाचता सोडलेला विषय पुढच्या वर्षीच्या मुलांना कदाचित यादीत दिसणारही नाही.

पालकांनाही एक विनंती. पोर्टलचा पासवर्ड मुलांकडेच राहू द्या. सल्ला जरूर द्या, खूण त्यांना करू द्या. आता प्रश्न घेऊ.