तात्या विंचूला घाबरायचं की हसायचं?

मागच्या सुट्टीत इंदिरानगरला घरी आले होते, तेव्हा टीव्हीवर ‘झपाटलेला’ लागला होता. कितव्यांदा ते विचारू नका. पाच वर्षांचा भाचा उशीमागे लपला होता आणि शेजारी बसलेली त्याची आई पोट धरून हसत होती. बाहुला एकच, सोफाही एकच! माझ्या पीएचडीचा प्रश्न नेमका हाच आहे.

महेश कोठारेंचा हा सिनेमा १९९३चा. कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकन सिनेमाच्या जवळची: गुंड मरता मरता मंत्र म्हणतो आणि त्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो. पण हॉलिवूडचा पैसा आपल्याकडे कुठून येणार? बाहुला केला रामदास पाध्यांनी, म्हणजे आपल्या अर्धवटरावांच्या घराण्यातला.

असे सिनेमे लोक पुन्हा पुन्हा का बघतात? एक तयार उत्तर असतं, ‘इतका वाईट की चांगला’. जेफ्री स्कॉन्स या अभ्यासकाने १९९५मध्ये अशा प्रेक्षकांवर लिहिलं. त्याच्या मते, प्रतिष्ठित अभिरुचीला ठेंगा दाखवण्यासाठी ते मुद्दाम टाकाऊ सिनेमे डोक्यावर घेतात. वाचायला मजा येते, पण आपल्याकडे ते बसत नाही. ‘झपाटलेला’ बघताना माझी आई कुणालाही ठेंगा दाखवत नसते. तिला तो खरंच आवडतो.

मला जास्त उपयोगी पडला तो नोएल कॅरोल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: राक्षस आपल्याला भयंकर वाटतो, कारण तो ठरलेल्या कप्प्यात बसत नाही. मेलेला असून चालतो, वस्तू असून बोलतो. आता गंमत बघा. विदूषकही कप्प्यात बसत नाहीच! मग फरक कशाचा? धोक्याचा. धोका काढून घेतला की तीच विसंगती हसवायला लागते.

बोलक्या बाहुल्याचं तर सगळं आयुष्यच या सीमेवर जातं. निर्जीव आहे हे माहीत असूनही आपण त्याच्याच तोंडाकडे बघत राहतो. तात्या विंचूचा जबडा लाकडासारखा उघडतो-मिटतो, हे मोठ्यांना दिसतं. त्यांच्यासाठी धोका तिथेच संपतो. भाच्याला मात्र त्या जबड्यातून दिलीप प्रभावळकरांचा आवाज ऐकू येतो. माझ्या मते कमी पैशातला तो खडबडीतपणा हा दोष नाहीच, हसायची फट तिथूनच मिळते. (२०१३चा थ्रीडी ‘झपाटलेला २’ मला का कमी आवडला, ते कधीतरी वेगळं लिहीन.)

आणि लक्ष्मीकांत बेर्डे! लक्ष्या खराखुरा घाबरतो, म्हणून हसू येतं. त्याने मध्येच आपल्याकडे बघून डोळा मारला असता, तर सगळंच कोसळलं असतं.

हे सगळं गाइडना सांगितलं, तर ते म्हणाले, “अगं, ही तुमच्या पिढीची बालपणाची आठवण आहे. यात संशोधन काय?” आक्षेप खोडायला सोपा नाही. आमचं हसू कितपत सिनेमाचं आणि कितपत नव्वदच्या दशकाचं, हे वेगळं कसं काढणार?

पण भाच्याकडे कुठे आहे नव्वदचं दशक? रात्री त्याने स्वतःचं अस्वल भिंतीकडे तोंड करून ठेवलं. सकाळी दात घासायच्या आधी विचारलं, “मावशी, तो बाहुला परत लाव ना.”

गाइडना ही नोंद पाठवली आहे.