सिनियर कर्नल म्हणजे नेमका कोण?

जून 2020 मध्ये गलवान खोऱ्यात चकमक झाली आणि दुसऱ्याच दिवशी चिनी सैन्याच्या पश्चिम विभागाचं निवेदन आलं. प्रवक्त्याचं नाव चांग श्वेली, हुद्दा ‘सिनियर कर्नल’. असा हुद्दा आपल्या सैन्यात नाही. लोणार तालुक्यातल्या बीबीत भरतीच्या तयारीला लागलेल्या कुठल्याही पोराला विचारा. नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार ही उतरंड तो घडाघडा म्हणेल. वरचे लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, कर्नलही त्याला ठाऊक असतात. पण हा सिनियर कर्नल कुठे बसवायचा?

आधी आपली मधली फळी बघू. मेजरच्या खांद्यावर नुसता अशोकस्तंभ, लेफ्टनंट कर्नलला त्यासोबत एक चांदणी, कर्नलला दोन, ब्रिगेडियरला तीन. सहा वर्षांच्या नोकरीत मेजर होता येतं, तेरा वर्षांत लेफ्टनंट कर्नल. कर्नलपद मात्र बहुतेकांना निवड मंडळाच्या चाळणीतूनच मिळतं, आणि सैन्यातल्या बऱ्याच मनस्तापाचं मूळ या चाळणीत आहे.

पूर्व आशियात हीच फळी फार आखीवरेखीव आहे. जपाननं एकोणिसाव्या शतकात नवं सैन्य उभारलं, तेव्हा अधिकाऱ्यांचे तीन मजले केले आणि प्रत्येक मजल्याला लहान, मधला, मोठा अशा तीन पायऱ्या. मधल्या मजल्यावर शोसा, चूसा, ताइसा. म्हणजे आपले मेजर, लेफ्टनंट कर्नल आणि कर्नल. दक्षिण कोरिया आणि तैवान यांनी नावं आपापली ठेवली, पायऱ्या तीनच. दक्षिण कोरियाच्या मेजरच्या खांद्यावर बांबूच्या पानांनी वेढलेला हिरा असतो, लेफ्टनंट कर्नलला तसे दोन, कर्नलला तीन. जपाननं 1954 मध्ये स्वसंरक्षण दल काढलं तेव्हा साम्राज्याच्या काळातली नावं टाकून दिली. आता तिथं तृतीय, द्वितीय आणि प्रथम श्रेणी अशी सरकारी कारकुनी थाटाची नावं आहेत. पराभवानंतर ‘ताइसा’ हा शब्दसुद्धा नको झाला होता.

चीन आणि उत्तर कोरियात मात्र या मजल्यावर चौथी पायरी आहे. चीनमध्ये दोन पट्ट्यांवर एक चांदणी म्हणजे मेजर, दोन म्हणजे लेफ्टनंट कर्नल, तीन म्हणजे कर्नल आणि चार म्हणजे आपला तो सिनियर कर्नल. त्याच्या वर थेट मेजर जनरल. ब्रिगेडियर हा हुद्दाच तिथं नाही, म्हणून आपण सिनियर कर्नलला ढोबळमानानं ब्रिगेडियरच्या पंक्तीला बसवतो. कोरियाच्या युद्धात शरण आलेला उत्तर कोरियाचा सर्वांत वरिष्ठ अधिकारी ली हाक-कू हाही सिनियर कर्नलच होता, एका अख्ख्या डिव्हिजनचा चीफ ऑफ स्टाफ.

पण नुसत्या चांदण्या मोजून हिशेब लागत नाही. बीबीहून जालन्याच्या वाटेवर सिंदखेडराजा लागतं. तिथल्या लखुजी जाधवरावांना मोगलांनी मनसब दिली होती. मनसबीत दोन आकडे असत. जात म्हणजे माणसाचा स्वतःचा मान आणि पगार, सवार म्हणजे त्यानं बाळगायचे घोडेस्वार. हे दोन आकडे सारखे असतीलच असं नसे. चिनी सैन्यातही हुद्द्याच्या जोडीला पदाची वेगळी श्रेणी असते, प्लाटूनपासून थेट केंद्रीय लष्करी आयोगापर्यंत पंधरा पायऱ्यांची. कितीतरी वर्षं तिथं खरं वजन या पदश्रेणीलाच होतं. शिवाय कमांडरच्या बरोबरीनं पक्षाचा राजकीय कमिसार असतो. म्हणजे एका तुकडीला दोन साहेब.

खांदे कोरे असले तर काय होतं, हे एका मराठी अधिकाऱ्यानं जवळून पाहिलं. कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. 1945 मध्ये ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत ते लेफ्टनंट कर्नल म्हणून पंजाब रेजिमेंटची एक पलटण घेऊन जपान्यांशी लढले आणि डीएसओ हा लष्करी सन्मान मिळवून आले. 1953 मध्ये मेजर जनरल म्हणून ते भारतीय दल घेऊन कोरियात उतरले. मायदेशी जायला नकार देणारे साडेबावीस हजारांवर युद्धकैदी त्यांच्या ताब्यात आले आणि त्यातले बहुसंख्य चिनी होते. त्या काळी चिनी सैन्यात औपचारिक हुद्दे नव्हतेच, ते 1955 मध्ये आले. कैद्यांच्या टोळ्यांत कुणाचा शब्द चालतो, हे माणसं पाहूनच ओळखायचं. एकदा कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरलं, तेव्हा थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले आणि त्याला सोडवून आणलं.

चीननं 1965 मध्ये हुद्दे पुन्हा मोडीत काढले, ते 1988 पर्यंत. चार खिशांचा कोट अधिकाऱ्याचा, दोन खिशांचा शिपायाचा, एवढीच खूण. सप्टेंबर 1967 मध्ये नथू ला इथं तारेचं कुंपण घालण्यावरून वाद पेटला तो याच काळात. एका बाजूला 2 ग्रेनेडियर्सचे लेफ्टनंट कर्नल राय सिंह, समोर बिनहुद्द्याच्या सैन्याचा राजकीय कमिसार. शब्दाला शब्द लागला, मग गोळी सुटली. राय सिंह जखमी झाले, पुढे त्यांना महावीर चक्र मिळालं.

आता यातली गंमत पाहा. राय सिंह पलटणीचे कमांडर होते आणि हुद्दा लेफ्टनंट कर्नल. गलवानमध्ये धारातीर्थी पडलेले संतोष बाबू हेही पलटणीचेच, 16 बिहारचे कमांडर. पण हुद्दा कर्नल. काम तेच, दरम्यान आपण ते पद एक पायरी वर नेलं. उलट चीननं फेब्रुवारी 2021 मध्ये आपल्या माणसांची नावं जाहीर केली, तेव्हा जखमी झालेल्या ची फाबाओची ओळख रेजिमेंटचा कमांडर अशी दिली, म्हणजे हुद्द्याऐवजी पदानं.

म्हणून परदेशी सैन्याची बातमी वाचताना हुद्द्यापाशी थांबू नका. त्या माणसाच्या हाताखाली काय आहे ते शोधा. 6 जून 2020 रोजी लडाखमधल्या तणावावर चुशूल-मोल्दोला पहिली मोठी बैठक झाली, तेव्हा आपल्याकडून 14 कोअरचे लेफ्टनंट जनरल हरिंदर सिंह गेले आणि समोर बसले मेजर जनरल लिऊ लिन. एक पायरी खालचा माणूस पाठवला म्हणून चीननं आपला अपमान केला, असं मानायचं कारण नव्हतं. लिऊ लिन दक्षिण शिनजियांग लष्करी जिल्ह्याचे प्रमुख होते, आणि लडाखसमोरचं चिनी सैन्य त्यांच्याच हाताखाली होतं.